जावयाचे शूर पूर्वज

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या परीक्षितकाकांना २००६च्या कुलवृत्तांतात गोऱ्या जावयाचं घराणंही शोभून दिसायला हवं होतं. जावयाचा खापरपणजा अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढला होता, म्हणे. काकांनी इतिहास शिकवणाऱ्या पुतणीला, आश्लेषाला, कामाला लावलं. तिला दोन कागद सापडले. सैन्याच्या हजेरीपटात हा शूरवीर तिसऱ्याच आठवड्यात फरार होता. युद्धाआधीच्या जनगणनेत त्याचे सात गुलाम होते. नावं नाहीत, नुसतं वय आणि लिंग.

"अगं, पळाला ते गाळ," काका म्हणाले. "गुलाम मात्र राहू देत. खानदानी वाटतं."

"काका, पळाला हेच त्याचं एकमेव सत्कृत्य आहे."

"छापणार नाही!"

"मग माझ्या नोंदीतूनही नाव गाळा," आश्लेषा शांतपणे म्हणाली. "वय आणि लिंग पुरे."