माल निघाला आहे

खोटं बोलायला तुम्हीच लावलंत. मोठ्या दुकानवाल्यांनो, तुम्हालाच म्हणतोय, मागे वळून बघू नका. तुमच्या दुकानात माल नाही, गोदाम नाही, आहे तो नुसता पडदा. गिऱ्हाईक पडद्यावर बोट ठेवतं, तुमचं यंत्र ती ऑर्डर कुठल्यातरी गल्लीतल्या कारखान्याच्या यंत्राकडे ढकलतं, आणि तो कारखाना माल बनवून, तुमच्या नावाच्या खोक्यात घालून, थेट गिऱ्हाईकाच्या दारात पोचवतो. याला तुम्ही भागीदारी म्हणता. ताटावर तुम्ही, चुलीपुढे ते.

असाच एक कारखाना. म्हणजे राहत्या घराखालच्या दोन खोल्या. एकीत शिलाईची यंत्रं, दुसरीत कॉम्प्युटर, खोके आणि चिकटपट्टी. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी तिथे हवेच्या गाद्या बनतात. छोटा पंप कप्प्याकप्प्यात हवा भरतो, सोडतो, म्हणून पडून पडून पाठीला जखमा होत नाहीत. सासरे कापड कापतात, सून ऑर्डरी सांभाळते, तिचा नवरा सुटे भाग आणायला हिंडतो.

दुकानाची अट अशी की ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी 'माल निघाला' हा निरोप त्यांच्या यंत्राला गेलाच पाहिजे. 'तयार नाही' असाही निरोप होता, नाही कशाला म्हणा. पण महिन्यात तो चार वेळा गेला की महिनाअखेरीस कारखाना लाल यादीत, आणि लाल यादीतल्याला ऑर्डर बंद. म्हणून घराने रीतच पाडली होती. सकाळी सून सगळ्या ऑर्डरींना 'माल निघाला' पाठवायची, मग सासरे कात्री हातात घ्यायचे. संध्याकाळपर्यंत गादी खरंच निघायची. खोट्याचं आयुष्य अर्ध्या दिवसाचं.

"पाळणा हलतोय आणि बाळ अजून पोटात," सासरे हसायचे.

"हसा मामंजी. बटण मी दाबते, तुम्ही नाही."

मग पंप मिळेनासे झाले. नवरा दारोदार फिरून रिकाम्या हाताने यायचा. ऑर्डरी येतच होत्या, आणि निरोपही जातच होते. दुकानाचं यंत्र विचारायचं, गिऱ्हाईक माल कुठे म्हणतंय. सून 'रस्त्यात आहे' दाबायची. दाबताना पडद्याकडे बघायची नाही.

एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. बसचा ड्रायव्हर, कामावरून तसाच आलेला.

"हवेच्या गाद्या इथेच होतात ना? शेजाऱ्यांकडे तुमची जुनी गादी होती. ती फुटली, पण पंपाखालचा पत्ता शाबूत होता." त्याने मोबाईल पुढे केला. "आईसाठी मागवलीय. निघाली म्हणतात. कुठल्या गाडीत आहे तेवढं सांगा, बाई. मी रोज रस्त्यावरच असतो. वाटेत गाठून उतरवून घेतो."

दुकानाची आणखी एक अट होती: गिऱ्हाईक आमचं, त्याच्याशी तुम्ही बोलायचं नाही. सासऱ्यांनी कात्री थांबवली नाही. "पोचेल म्हणावं," ते खालच्या आवाजात म्हणाले.

सुनेने विचारलं, "आईंचं कसं आहे?"

"कमरेला जखम झालीय. नाण्याएवढी होती, आता मूठ जाईल. घरी असलो की कूस वळवतो. ड्युटीवर असलो की कोण वळवणार? औषधवाल्याकडे एक गादी होती. घ्यायलाच गेलो होतो. काउंटरवर मोबाईल बघितला, तर 'माल निघाला'. म्हटलं, येतेच आहे तर दुसरी कशाला. परत फिरलो. आता ती पण विकली गेली."

सून उठली. त्याला आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीला टेकवलेल्या रोलवर हात ठेवला.

"ही तुमची गादी. अजून कापलेली नाही."

त्याने कापड दोन बोटांत धरून बघितलं. "मग निघालं काय?"



"आमच्याही पोटावर पाय आहे, भाऊ," सासरे म्हणाले.

"तुमच्या पोटावर पाय आहे. माझ्या आईच्या पाठीला भोक आहे."

पंप तपासायला ठेवलेली एक ठिगळाची गादी होती. एक कप्पा गळायचा. सुनेने ती गुंडाळली, तिच्या जुन्या पंपासकट त्याच्या खांद्यावर दिली. तो तसाच वळला आणि गेला.

"आता लाल यादी," सासरे म्हणाले.

"असू दे."

दुसऱ्या सकाळी तिने सगळ्या ऑर्डरींना 'तयार नाही' पाठवलं. सासरे मागे उभे होते. "आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना," एवढंच पुटपुटले. तिचा हात त्यांनी धरला नाही.

पुढे पंप आले. पहिली गादी ड्रायव्हरची शिवली. सून खोक्याला चिकटपट्टी लावत होती, तेवढ्यात दुकानाच्या यंत्राकडून निरोप आला: ऑर्डर रद्द. रद्द करताना गिऱ्हाईकाला कारण निवडावं लागतं. कारणापुढे होतं, 'वस्तूची गरज उरली नाही'.

लेबलावरच्या नंबरवर तिने फोन लावला.

"गेली," तो म्हणाला. "जखमेचं विष रक्तात भिनलं. डॉक्टर म्हणाले, गादी आधी हवी होती. तुमची ती आणून देतो."

"नको हो."

"घ्या. दुसऱ्या कुणाला लागेल."

"दादा, ते 'निघाला' मी पाठवलं होतं. माझ्या हाताने."

फोनवर बसचा घरघराट येत होता.

"मला वाटलं यंत्र पाठवतं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिने हात झटकले नाहीत. झालं ते सगळं, स्वतःच्या बोटासकट, निरोपाच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं आणि दुकानाला पाठवलं. उत्तर पापणी लवायच्या आत आलं: 'निरोप मिळाला. सर्व रकाने बरोबर भरले आहेत.' पाठोपाठ महिनाअखेरचा निरोप आला, कारखाना लाल यादीत गेल्याचा.

सासऱ्यांनी चष्मा लावून पडदा वाचला. "मिळाला म्हणतात. पण वाचला कुणी?"

बोला. वाचला कुणी? ती अट लिहिणारा माणूस कोण, आणि त्याची आई अंथरुणाला खिळली तर तिची गादी निघाली की नाही हे तो कुणाला विचारणार? यंत्राला पुढे करू नका. तुमच्यातल्या एका माणसाने उत्तर द्या.