जाळीतला गिलावा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यातून फोन आला. नर्सने आधी नाव विचारलं, मग जवळ कुणी आहे का असं विचारलं, आणि तेवढ्यावरूनच त्याला कळलं की बायको गेली. तो गाडीत बसला. गाडी रोज तीच चालवायची, त्यामुळे सीट पुढे ओढलेली होती आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगला घासत होते. अर्ध्या वाटेवर ऑइलचा लाल दिवा लागला. आयुष्यभर पाण्याच्या पंपांवर नोकरी केलेला माणूस तो. प्रेशर गेलं की मशीन आधी बंद करायचं, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. त्या दिवशी तो थांबला नाही. लाल दिव्यासकट सहा किलोमीटर गेला.

पुढे दोन महिने गाडी मेहुण्याच्या गॅरेजात उभी होती. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून चलाख. एका गुरुवारी त्याने निकाल दिला.

"दाजी, बेअरिंगं गेली. वीस वर्षांचं इंजिन, त्यात तुम्ही दिवा लागलेला असताना रेटलंत. शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"खोलून बघितलंस?"

"खोलायचं कशाला? ऑइल बदललं, फिल्टर बदलला, दिव्याचा स्विचसुद्धा बदलला. दिवा आपला डोळे वटारून बघतोय."

तो बॉनेटवरची धूळ हाताने पुसू लागला. बायकोला वाचवणं त्याच्या हातात नव्हतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण तिची गाडी आपण स्वतःच्या पायाने मारली, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

शुक्रवारी सकाळी तो गॅरेजात हजर झाला. हातात पंपघरातला जुना प्रेशर मीटर होता, निवृत्त होताना साहेबांकडून मागून घेतलेला.

"हे नळाचं मीटर, दाजी. इथे ऑइल असतं."

"आत काय आहे ते मीटरला काय कळतंय? स्विच काढ आणि तिथे हे लाव."

मेहुण्याने कुरकुरत आट्यांचा जोड शोधला आणि मीटर बसवला. इंजिन तापवलं. मंद चालीत काटा वीसवर उभा राहिला.

"आता रेस दे."

रेस दिली, तसा काटा वर जायचा सोडून खाली आला. दहा, मग पाच. दिवा पेटला.

"बघा. मेलं."

"नाही मेलं. बेअरिंगं सैल असती तर रेस दिल्यावर काटा थोडा तरी चढला असता. हा उतरतोय. बंद कर आणि दहा मिनिटं थांब."

दोघे टायरवर बसून राहिले. दहा मिनिटांनी चावी फिरवली. काटा एकदम चाळीसवर गेला, मिनिटभर टिकला आणि परत घसरला. तो उठून उभा राहिला.

"पंप चांगला आहे. पंपाला ओढायलाच मिळत नाही. विहिरीत नळीच्या तोंडाला गवत अडकलं की असंच होतं. पंप थांबला की गवत गळून पडतं, चालू केला की परत येऊन चिकटतं. आणि तू स्विच बदलत बसलास. आजार रेड्याला अन् औषध पखालीला."

"बरं, चेंबर खोलतो. पण जाळी साफ निघाली तर उद्याचा भंगारवाला पक्का."

"पक्का."

सगळे बोल्ट निघाले तरी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर सुटेना. मेहुण्याने पत्र्याची पट्टी घालून ते उचकटलं. वर जिथून पंप ऑइल ओढतो, ती जाळी लालभडक रबरी गोळ्यांनी गच्च भरली होती. जेमतेम चिमूटभर जागा मोकळी होती.

"सिलिकॉन," मेहुणा म्हणाला. "हा कुठल्या गाढवाचा उद्योग?"

"माझा."

गेल्या वर्षी गाडी दारातल्या फरशीवर ऑइल गाळायची. बायको रोज फरशी पुसायची आणि रोज बोलायची. एका रविवारी त्याने चेंबर स्वतः काढलं आणि फट बुजवायच्या सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळून परत बसवलं. पाण्याच्या कामात जितकं जास्त लावाल तितकं बरं. इथे मात्र जास्तीचं सिलिकॉन आत ओघळलं, वाळलं, सुटलं आणि ऑइलबरोबर जाळीवर जाऊन बसलं.

मेहुण्याने जाळीतला एक गोळा नखाने उपटून काढला.

"ताई सांगायची मला. तुझ्या दाजींनी इंजिनाला गिलावा केलाय म्हणून. मला वाटलं, चेष्टा करतेय."

"मलाही म्हणाली होती, थापी आणून देऊ का."

आणि तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून. मेहुणाही हसला, मग बाहीने डोळे पुसून इंजिनाखाली शिरला. त्याने एका बेअरिंगची टोपी सोडवली आणि बॅटरीच्या उजेडात बोट फिरवून पाहिलं.

"दाजी, ओरखडासुद्धा नाही. तुम्ही काही मारलं नाहीत."

जाळी धुतली. चेंबरला या वेळी मेहुण्याने सिलिकॉन लावलं, दोऱ्याएवढं, आणि रात्रभर वाळू दिलं. शनिवारी भंगारवाला दोरखंड घेऊन आला तेव्हा इंजिन तापलेलं होतं. मंद चालीत काटा तीसवर. रेस दिली, पन्नास. सोडली, परत तीस. दिवा विझलेला.

"दोरखंड गुंडाळा, काका," मेहुणा म्हणाला. "पेशंट घरी चाललाय."

तो गाडी चालवत घरी गेला, लांबच्या रस्त्याने, मीटर तसाच लावून. गुडघे स्टिअरिंगला घासत होते.

सीट मागे घ्यायची अजून राहिली आहे.