केबल म्हणजे केबल

ताईने तीन वर्षं मनात डूख धरला होता. निम्मा जावईबापूंवर, निम्मा स्वतःवर. अशी वाटणी फार वाईट, धड कुणाला चावताही येत नाही. मग एका शनिवारी सकाळी, आयुष्यात पहिल्यांदाच कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडायला बसली आणि तिला कळलं की स्वतःवर धरलेला निम्मा डूख फुकट गेला.

जावईबापू म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. पंपांच्या कारखान्यात तपासनीस आणि घरात सर्वज्ञ. मिक्सर बिघडो, गुडघा दुखो, कुणाचं लग्न मोडो, यांचं मत तयार. उचलली जीभ लावली टाळ्याला. तीन वर्षांपूर्वी ताईच्या जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे आतला विजेचा डबा, मेला, तेव्हा हेच नवा सप्लाय घेऊन हजर झाले होते. टेबलाखाली शिरून अर्धा तास खुडबुड केली आणि आतूनच ओरडले, "हं ताई, दाबा बटण!" ताईने दाबलं. चट्ट असा आवाज आला, जळका वास आला आणि ड्राइव्ह गेली.

त्या ड्राइव्हवर आई होती. म्हणजे आईचा आवाज. शेवटच्या दोन वर्षांत ताईने फोनवर टिपून ठेवलेली एक्केचाळीस ध्वनिमुद्रणं. आई शेजारणीची नक्कल करतेय, आई चष्मा शोधतेय आणि चष्म्यालाच शिव्या घालतेय, आई धाकटीला झोपेत हाक मारतेय. फोन भरला म्हणून ताईने सगळं ड्राइव्हवर टाकलं आणि फोनमधून पुसलं. आईला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

जावईबापू टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि बायकोला म्हणाले, "ताईंनी घाई केली. माझा हात अजून आत होता."

झालं, सगळं खापर ताईच्या डोक्यावर फुटलं. धाकटी रडत म्हणाली, "ताई, तुला दोन मिनिटं कळ काढता आली नाही?" त्या दिवसापासून सासर-माहेरात ताईचं नाव 'घाईताई' पडलं. धाकटी यायची, चहा प्यायची, पण आईचा विषय निघाला की कप विसळायला उठायची. ताईला नावाचं काही वाटत नव्हतं. तो उठून विसळलेला कप मात्र तिला तीन वर्षं झोंबत होता.

आणि घाई? ताईला? ती शर्टांच्या कारखान्यात कागदी नमुने कापायची. तिथे एक कॉलर दोन सूत चुकली तर पाचशे शर्ट वाया जातात. तिला काम शिकवणारे मास्तर म्हणायचे, "कात्रीला डोळे नसतात, बाई. डोळे आपण लावायचे." तीस वर्षं तिने डोळे लावले होते. तरी तीन वर्षं ती स्वतःलाच विचारत राहिली, मी खरंच घाई केली का?

आता कारखान्याने नमुने कॉम्प्युटरवर काढायला सांगितले, म्हणून हा घाट. दुकानदाराने सुटे भाग दिले, आणि जुन्या यंत्रातला सप्लाय पाहून म्हणाला, "हा तर कोराच आहे. मिनिटभरही चालला नसेल. हाच वापरा." सप्लायचं खोकं माळ्यावर होतं. ताईने ते उतरवलं, माहितीपुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली. पहिल्यांदा करणारी माणसंच पुस्तिका वाचतात, सर्वज्ञांना तिची गरज नसते.

सातव्या पानावर चौकटीत लिहिलं होतं: चालू करण्यापूर्वी केबल तपासा. ड्राइव्हसाठी या सप्लायसोबत आलेल्याच सुट्या केबल वापरा. दुसऱ्या सप्लायची केबल खाचेत बसली तरी तिच्यातल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. ड्राइव्ह जळेल.

ताईने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मग खोक्यात हात घातला. सुट्या केबलींचं पाकीट तळाशी होतं. सीलबंद. कागदी पट्टीसुद्धा फाटलेली नाही.

मग त्या दिवशी ड्राइव्हला काय लावलं होतं? जुन्या यंत्राच्या पोटात अजून लोंबत होती ती राखाडी केबल. मेलेल्या सप्लायची. कोण उपसत बसणार, म्हणून जावईबापूंनी तीच नव्या सप्लायला खुपसली होती. टोक बसलं होतं ना!

ताई दुकानातून सप्लाय तपासायचा टेस्टर मागून घेऊन आली. राखाडी केबल सप्लायला लावली आणि तिचं दुसरं टोक टेस्टरला. जिथे पाच व्होल्ट हवेत तिथे बारा आले, आणि टेस्टर कोकलायला लागला. तिने तो कोकलू दिला. बटण घाईने दाबा नाहीतर मुहूर्त बघून दाबा, आई जळणारच होती.

आधी ती रडली. मग तिला इतका राग आला की दात दुखायला लागले. मग तिने तोंड धुतलं आणि धाकटीला फोन लावला. "उद्या दुपारी या दोघं. माझा कॉम्प्युटर बघायला. आणि जावईबापूंना सांग, पक्ष्यांचे फोटो आणा म्हणावं. माझा पडदा मोठा आहे."

जावईबापूंचे पक्षी म्हणजे अकरा वर्षांची तपश्चर्या. दर रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरा. दोघं आली, तेव्हा फोटोंची ड्राइव्ह जावईबापूंच्या शर्टाच्या खिशात होतीच.

"ताई, जोडलात की स्वतः!" त्यांनी उघड्या यंत्रात डोकावून पाहिलं. "घाई नाही ना केलीत?" आणि स्वतःच हसले. धाकटीने खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही केली," ताई म्हणाली. "माझी ड्राइव्ह बोर्डावरच बसते, तिला केबल लागत नाही. तुमच्या ड्राइव्हला मात्र लागेल."

मदरबोर्डाकडे जाणारी वायर जोडून झाली, राहिली फक्त विजेची केबल. राखाडी केबल टेबलावरच पडली होती. ताईने ती तिथे ठेवली होती, हे कबूल करायलाच हवं. पण उचलली जावईबापूंनी.

"ही आहे की."

"ती जुन्या सप्लायची आहे," ताई म्हणाली. "पुस्तिकेत लिहिलंय, दुसरी लावू नका."

"पुस्तिका विकणाऱ्यांच्या सोयीच्या असतात, ताई. केबल म्हणजे केबल. टोक बसलं, संपलं."

"मग त्या दिवशीही हीच लावली होतीत का?"

धाकटीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापूंनी हो म्हटलं असतं, "लक्षात नाही" एवढंही म्हटलं असतं, तर ताईने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं असतं. तसं तिने रात्रभर स्वतःला बजावलं होतं. एक संधी द्यायची.

"छे!" ते म्हणाले. "त्या दिवशी सगळ्या केबल नव्या, पाकिटातल्या. मी स्वतः फोडलं पाकीट. तुमच्या घाईपुढे केबल काय करणार?"

"दुसरी प्रत आहे ना फोटोंची?" ताईने विचारलं.

"मी काय कच्चा खेळाडू आहे का?" म्हणत त्यांनी केबल खुपसली. खट् आवाज झाला. टोक छान बसलं.

"हात काढलात बाहेर?"

"काढला."

"बघा हं, पुन्हा बघा. बटणही तुम्हीच दाबा. माझी घाई होते."

जावईबापूंनी ऐटीत बटण दाबलं. चट्ट. तोच आवाज, तोच वास. सप्लाय स्वतःहून बंद पडला. जावईबापूंनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. ताईला फार बरं वाटलं. लाज वाटेल अशी तिची अपेक्षा होती, पण ती काही आली नाही.

"तुमच्या... तुमच्या यंत्रातच काहीतरी..."

ताईने कपाटातून सीलबंद पाकीट काढलं आणि धाकटीच्या मांडीवर ठेवलं. पुस्तिकेचं सातवं पान उघडून त्यावर ठेवलं. मग राखाडी केबल ड्राइव्हमधून उपसली, टेस्टरला लावली आणि सप्लाय चालू केला. टेस्टर कोकलू लागला.

"पाच हवेत तिथे बारा," ती म्हणाली. "त्या दिवशीही बाराच होते. पट्टी बघ, फाटलीय का."

धाकटीने पाकिटाच्या पट्टीवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा. शिवणकाम तपासावं तसं. टेस्टर कोकलत होता, आणि तो बंद करायचं कुणालाच सुचत नव्हतं.

जावईबापू खुर्चीवर बसले होते, मांडीवर मेलेली ड्राइव्ह. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे कशावरही मत नव्हतं. मग ते बायकोकडे पाहून बारीक आवाजात म्हणाले, "अगं, दुसरी प्रत नव्हती माझ्याकडे."

धाकटीने पाकीट उचलून ताईच्या हातात दिलं आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

"आईचीही नव्हती," ती म्हणाली.