सहीपुढचे चार शब्द

थेल्माने पंखा बंद केला, कुत्र्याला मागच्या अंगणात ढकललं आणि फोन स्पीकरवर टाकला. सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशबाईंनी फोनवरूनच शपथ दिली, तेव्हा तिने उजवा हात वर केला. बघायला कुणी नव्हतं, तरी केला.

एकोणीस वर्षं ती कम्युनिटी कॉलेजात निबंधलेखन शिकवत होती, दर सत्राला नव्या करारावर. मे महिन्यात वर्ग संपला की पगार बंद, तो थेट सप्टेंबरपर्यंत. यंदा तिने बेकारी भत्त्याचा अर्ज केला आणि कॉलेजने आडकाठी घातली. म्हणे बाई सुट्टीवर आहेत, बेकार नाहीत. परत घेण्याची हमी त्यांना दिलेली आहे. आजचा निकाल विरुद्ध गेला, तर घर सोडून बहिणीच्या तळघरात उन्हाळा काढायचा होता.

कसली हमी आणि कसलं काय! कॉलेजच्या वर्षाखेरीच्या सहभोजनात तो हमीचा कागद टेबलावर ठेवलेला असतो. कागद एकच, त्यावर सगळ्यांनी ओळीने सह्या करायच्या. आधी सही, मग बर्गर. जन्मभर दुसऱ्यांना नीट वाचायला शिकवणाऱ्या या बाईने तो एकदाही वाचला नव्हता. यंदा वाचला आणि सहीपुढे पेनने चार शब्द लिहिले. रांगेत मागे रॉइस होता, गणिताचा मास्तर. पेपर तपासतेयस का, बर्गर गार होतोय, असं तो मोठ्याने म्हणाला आणि रांग हसली. थेल्मा आपली प्लेट घेऊन पार लांबच्या बाकावर जाऊन बसली. तिने मागे वळून पाहिलंच नाही.

कॉलेजच्या वतीने कर्मचारी विभागाच्या लिंडक्विस्टबाई बोलत होत्या. हमीच्या कागदावर थेल्माची सही आहे, प्रत पाठवलेली आहे, एवढंच त्या घोळवून घोळवून सांगत राहिल्या.

"सही माझीच आहे," थेल्मा म्हणाली. "पण तुमच्या प्रतीत सहीपुढचं आणि सहीखालचं कापलं गेलंय. मूळ कागद समोर असेल ना? वाचा की."

त्याची गरज नाही, असं लिंडक्विस्टबाईंनी म्हणून पाहिलं. न्यायाधीशबाईंनी गरज आहे असं सांगितलं.

"पुरेसे विद्यार्थी आले तरच," लिंडक्विस्टबाईंनी वाचलं.

"मागच्या वर्षी सत्राच्या आदल्या दिवशी माझा वर्ग रद्द केलात," थेल्मा म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने टेबलाची कड धरली होती. "या सप्टेंबरात मला वर्ग नक्की मिळणार, असं शपथेवर सांगा. आत्ताच्या आत्ता अर्ज मागे घेते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"असं मला नाही सांगता येणार," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या.

न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं असावं. मग त्यांनी विचारलं, प्रतीत न आलेलं आणखी काही त्या कागदावर आहे का?

"आहे. यांच्या खालच्या सगळ्यांनी सहीपुढे तेच लिहिलंय."

"सगळ्यांनी म्हणजे किती जणांनी?"

"सव्वीस."

थेल्माने टेबलाची कड सोडली.

"नावं वाचा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"रॉइस हॅटलबर्ग," लिंडक्विस्टबाईंनी सुरुवात केली आणि जरा थांबल्या. "यांनी तर 'तरच'खाली दोन रेघाही मारल्यात."