दोन्हीकडून आलेलं दुखणं

खामगावात रक्ताचे विकार आणि कर्करोग यांचा डॉक्टर एकच होता, माणिक वानखडे. पांढऱ्याफटक पडलेल्या बाळंतिणी, अंगावर काळेनिळे डाग उठलेली पोरं, गालात वर्षानुवर्षं तंबाखू धरून तोंडात जखमा झालेली माणसं, सगळी त्याच्याकडे येत. बहुतेक उशिराच येत. आधी अंगारा, मग झाडपाला, मग तालुक्याचा डॉक्टर, आणि सगळं करून थकल्यावर तो.

संग्रामपूरकडच्या एका खेड्यातल्या मजुराचा हा मुलगा. नागपूरला डॉक्टर झाला, पुढचं शिकायला मुंबईला गेला आणि शिकून आपल्या जिल्ह्यात परत आला. बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. खाली दोन खाटांचा दवाखाना आणि वर तो, त्याची बायको आणि म्हातारी विधवा आई सिंधूताई, असं त्याचं घर होतं.

एका सकाळी अमडापूरहून झुंबरबाई नावाची बाई आपल्या आत्याला घेऊन आली. आत्यानं पदर तोंडावर घट्ट धरला होता.

"तोंडच उघडत नाही डाक्टरसाहेब," झुंबरबाई म्हणाली. "दोन महिन्यांपासून नुसत्या पेजेवर हाय. वासानं कोणी जवळ बसत नाही."

माणिकनं पदर बाजूला केला. डावा गाल आतून सडून बाहेर फुटला होता. जबड्याखालच्या गाठी दगडासारख्या लागत होत्या. मुंबईला पाठवून उपयोग नव्हता, हे त्याला हात लावल्याबरोबर कळलं. आता दुखणं कमी करायचं, जखम धुवायची आणि नाकातून नळी घालून पोटात दूध-पेज सोडायची, एवढंच हातात होतं.

"नाव काय आजी तुमचं?"

"चांगुणा," म्हातारी दातांच्या फटीतून बोलली. "चांगुणा जानराव वानखडे."

त्यानं गाव विचारलं. तिनं सांगितलं ते त्याचंच गाव होतं.

माणिकचा हात तिच्या मानेवरच राहिला. जानराव हे त्याच्या थोरल्या चुलत्याचं नाव. चुलता लवकर गेला आणि त्याची बायको, माणिकची मोठी माय, त्यांच्याच घरात राहिली. तिला मूल नव्हतं. माणिकचा धाकटा भाऊ श्रावण तिच्या अंगाखांद्यावरच वाढला.

श्रावणचं दुखणं माणिकला चांगलं आठवत होतं. बोटं सुजायची, पाय ठणकायचे, डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. पोट डाव्या बाजूनं फुगलेलं असायचं. सहा वर्षांचा होऊन तो एका थंडीत तापानं गेला. शेवटचा घास मोठ्या मायनं भरवला होता. वांझ बाईची नजर लागली, असं कोणीतरी म्हणालं आणि सिंधूताईनं जावेला केस धरून दारातून ओढलं. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत ओढत नेलं. माणसं पाहत उभी होती. दहा वर्षांचा माणिकही उभा होता.

नागपूरला शिकताना एक दिवस विद्यार्थ्यांनी एकमेकांचं रक्त तपासलं. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी काचपट्टीवर वाकून विळ्यासारख्या झाल्या. त्याच संध्याकाळी त्याला श्रावणचं मरण कळलं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून उतरला, की लेकराला दुखणं होतं. एकाकडूनच आला तर माणूस माणिकसारखा धडधाकट जगतो. सुट्टीत घरी येऊन त्यानं हे आईला सांगितलं होतं.

"शिकला म्हनून मलेच शिकवतं का?" ती म्हणाली होती. "माह्याच रक्तानं माहं लेकरू मारलं म्हनतं?"

मोठी माय कुठं गेली, हे त्यानं गावात विचारून पाहिलं होतं. कोणालाच माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

"मोठी माय," तो आता म्हणाला. "मी माणिक. किसनरावचा."

तिनं हात त्याच्या कानाकडे नेला. लहानपणी बैलाच्या शिंगानं फाटलेल्या त्याच्या पाळीवरून तिचं बोट फिरलं.

"माणक्या," ती म्हणाली. "लय मोठा झाला रे."

त्यानं तिला खालच्या खोलीत ठेवून घेतलं. जखम तो स्वतः धुवायचा. तिला थोडं बरं वाटलं तसं एका दुपारी खाटेजवळ बसून त्यानं श्रावणच्या रक्ताची सगळी हकिकत सांगितली. नजर लागली नव्हती, घासात काही नव्हतं, जन्मतःच त्याच्या अंगात ते होतं.

तिनं डोळे मिटून ऐकलं.

"मी काई केलं नाही, हे मले तवाच मालूम होतं," ती अडखळत म्हणाली. "मले कायले सांगतं? तुह्या मायले सांग."

माणिक वर गेला. सिंधूताई भाजी निवडत होती. चांगुणा खाली आहे आणि फार दिवस जगणार नाही, हे ऐकून तिचे हात थांबले नाहीत.

"मले काऊन सांगून राह्यला?"

"एकडाव भेट तिले, माय. दोन शब्द बोल. बस."

"मी काय बोलू?"

दोन दिवस ती खाली आली नाही. तिसऱ्या दिवशी माणिक जखम धुवत असताना ती दारात येऊन उभी राहिली. तिनं पांढरं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. माणिकला बरं वाटलं. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

सिंधूताई बसली नाही. चांगुणाच्या उघड्या गालाकडे, आतून दिसणाऱ्या दातांकडे ती एकटक पाहत होती. तिचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला.

"पाह्य माणिक," ती म्हणाली. "माहं लेकरू खाल्लं त्या तोंडानं. तेच सडलं. अजून काय पाह्यजे तुले?"

"माय! चूप बस!"

"काऊन चूप बसू? तुह्या पुस्तकात नसन. पन हे दिसून राह्यलं ना डोयानं."

घरातले देव त्यांनी सतरा-अठरा वर्षांपूर्वीच नदीत सोडले होते. रोज सकाळी ती बुद्धाच्या तसबिरीपुढं वंदना म्हणायची. पण हे तिच्या आत जसंच्या तसं राहिलं होतं.

आदल्या रात्रीपासून चांगुणाचा जबडा पूर्ण धरला होता. तिनं फक्त तोंड भिंतीकडे केलं. माणिकनं आईला दंडाला धरून बाहेर नेलं. परत येऊन तो समजूत घालायला लागला, तेव्हा चांगुणानं हाताची खूण केली. झुंबरबाईकडे बोट, मग दाराकडे.

"घरी चाल म्हन्ते," झुंबरबाई म्हणाली. ती रडत होती. "राहू द्या डाक्टरसाहेब. मरन तं तिथंच मरन."

त्यानं जीप ठरवून दिली, औषधं दिली, नळीतून पेज कशी सोडायची ते झुंबरबाईला दाखवलं. पुढं आठवड्यातून एकदा तो अमडापूरला जायचा. ती त्याला ओळखायची, कानाला हात लावायची. पोळ्याच्या आधी ती गेली. मातीला झुंबरबाईच्या घरची माणसं होती आणि वानखड्यांपैकी तो एकटा.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं आंघोळ केली.

"गेली का?" आईनं विचारलं.

"हाव."

तो जेवला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस दोघं कामापुरतंच बोलत होते. मग एकदा दुपारी रोगी सरल्यावर सिंधूताई खाली आली. स्टुलावर बसून तिनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं.

"माहं रक्त पाह्य."

माणिकनं सुई टोचून थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात औषध घातलं, वरून पातळ काच ठेवून कडा बंद केल्या. वेळ लागणार होता. ती तशीच बोट दाबून बसून राहिली. बाहेर रस्त्यावरून सरकीच्या गाड्या चालल्या होत्या.

मग त्यानं सूक्ष्मदर्शक यंत्रात आधी स्वतः पाहिलं आणि बाजूला झाला. तिला नीट दिसेना. त्यानं चाक फिरवून तिच्या डोळ्याला जमेल तसं केलं. जन्मभर ज्वारी कापलेल्या त्या बाईला विळा ओळखायला वेळ लागला नाही.

"हे माहं?"

"हाव."

"अन् तुह्या बापाचं?"

"त्याचंबी असनच. त्याबिगर श्रावणले नसतं झालं."

"अन् तिचं?"

"तिचा काय संबंध, माय? ते दुसऱ्या घरची लेक. तिचं रक्तच नव्हतं त्याच्यात."

सिंधूताईनं डोळा यंत्रावरून काढला. हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच पाहत राहिली.

"मंग मी तिले काऊन ओढलं?" तिनं विचारलं.

तिनं पुन्हा तेच विचारलं, जरा मोठ्यानं, जणू त्याला ऐकू गेलं नसावं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकून टाकला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती कोणाला न सांगता एसटीनं अमडापूरला गेली. झुंबरबाईचं घर विचारत विचारत सापडलं. झुंबरबाईनं दारात कोण आहे ते पाहिलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्या हातात दिलं. बसायला सांगितलं नाही. सिंधूताई उभ्यानंच पाणी प्यायली, तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि ती स्टँडकडे परत निघाली.