गदेखालची जागा

वाबेतचा ताप उतरेना, तेव्हा तिच्या नवऱ्याने, पाशेदूने, घरचे सगळे देव पालथे घातले. देव ओळखीतले होते. ओळखीतली माणसं करतात तेच त्यांनी केलं, म्हणजे काही नाही.

"रेशेपला सांगा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तापाचे बाण तोच मारतो. मारणाऱ्यालाच ते काढता येतात."

रेशेप परमुलखातला, लढाईचा देव. फारोचे सैनिक तिकडे लढायला गेले आणि येताना शत्रूचाच देव घेऊन आले.

"परका देव माझं ऐकेल?"

"इथं तरी तुमचं कोण ऐकतं? शिळेवर कोरा त्याला, शेजारी ऐकायला कान मोठे काढा म्हणजे झालं."

पाशेदू राजांची थडगी कोरणारा. त्याने शिळा घडवली: रेशेपच्या मुकुटावर हरणाचं मुंडकं, एका हातात ढाल, दुसऱ्यात उगारलेली गदा, बाजूला सुपाएवढे कान. समोर गुडघे टेकलेली वाबेत, नावासकट. नाक तर हुबेहूब तिच्या आईचं. शिळा कोनाड्यात बसवली, पुढे बिअर ठेवली. दुपारपर्यंत वाबेत माणसं ओळखेनाशी झाली.

सासूबाई शिळेपुढे उभ्या राहिल्या. "ही गदा कुणाच्या डोक्यावर उगारलीय?"

कोरलेलं ते खरं होऊन बसतं. म्हणूनच थडग्यात साप कोरला की पाशेदू त्या सापाचा गळा कापून ठेवायचा, जिवंत होऊन चावू नये म्हणून.

"गदा फोडतो."

"लढाईच्या देवाची? आधीच रागावलाय, त्यात हात रिकामा करा त्याचा."

"मग वाबेतला खोडतो."

आपण काय बोललो ते पाशेदूला जरा उशिराने ऐकू आलं.

"मध्ये एखादा शत्रू काढा," सासूबाई म्हणाल्या. "दाढीवाला."

"दाढीवाले सगळे त्याच्याच गावचे."

गदा आणि वाबेत यांच्यामध्ये चार बोटं जागा होती. पाशेदूने तिथे स्वतःला कोरलं. खाली नाव घातलं.

उन्हं कलताना वाबेतने काकडी मागितली आणि कुडुमकुडुम खाल्ली. पाशेदूने भर उन्हाळ्यात अंगावर पांघरूण ओढलं. त्याचे दात वाजत होते.

सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. छिन्नी आणून त्याच्या हातात दिली आणि समोर बसून तोंड एका बाजूला वळवलं, चित्रातल्यासारखं.

"तुमच्यापुढे अजून दोन बोटं जागा आहे."

"सासूबाई, हात थरथरतोय."

"थरथरू दे. नाव मात्र नीट घाला. नाकावरून त्याला वाबेतच वाटायची."