रखमाआजींच्या नावाची ओळ

मित्रांनो, मला हातात घेता येत नाही. मला वजन नाही आणि गंजही चढत नाही. तरीही मी एक जुना साचा आहे. वय वर्षे सात, आणि संगणकाच्या जगात सात वर्षे म्हणजे पिकलेले केस!

उलव्यात बुद्धविहाराला लागून एक लहानसे वाचनालय आहे. त्याच्या वेबसाइटसाठी क्रांतीताईने मला लिहिले. माझ्यासारख्याला 'व्ह्यू क्लास' म्हणतात. डेटाबेस हे नोंदींचे कपाट आहे. त्यातली एकेक नोंद मी काढतो आणि पानावर नीट मांडतो. आधी नाव, मग माहिती, शेवटी 'कोणी दिले'. करंजीचा साचा एकच असतो, पण परातभर करंज्या त्यातूनच होतात ना? तसाच मी. आधी पुस्तकांची यादी माझ्यातून निघाली, मग खुर्च्या-सतरंज्यांची. क्रांतीताई कौतुकाने म्हणायची, "एकदा लिहिला, किती कामाला आला!" पुढे नोकरीमुळे तिचे येणे रविवारपुरते उरले. मला उघडून कोणी बघेनासे झाले. मी काम करत राहिलो.

माझे सर्वांत लाडके वाचक सिताराम आबा. त्यांच्या पत्नी रखमाआजी साठाव्या वर्षी वाचायला शिकल्या होत्या. त्या गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी आबांनी त्यांची बत्तीस पुस्तके वाचनालयाला दिली. दर रविवारी आबा इथल्या संगणकापुढे बसत आणि पडद्यावर बोट ठेवून वाचत, 'कोणी दिले: रखमा सिताराम तांबे'. असे बत्तीस वेळा. मग चष्मा पुसून घरी जात.

एकदा अभय नावाच्या नव्या कार्यकर्त्याने स्वयंसेवकांची यादी माझ्यातूनच काढली. झाले! प्रत्येक नावाखाली उमटले, 'कोणी दिले:'. यादीत नाव असलेल्या शर्मिलामावशी हसून म्हणाल्या, "काय रे अभय, आमाला कोनी दान केलं का?"

अभय लाजला आणि त्याने घाईत माझ्यातली ती ओळच खोडून टाकली. स्वयंसेवकांचे पान सुधारले. पण मित्रांनो, बाकीची पानेही माझ्यावरच उभी होती.

रविवारी आबा आले. पडद्यावर पहिले पुस्तक बघितले, दुसरे, तिसरे. नाव कुठेच नव्हते. त्यांनी कापडी पिशवी काढली आणि कपाटातून आजींची पुस्तके काढून एकेक भरू लागले. मला सगळे कळत होते, पण बोलता येत नव्हते.

"आबा, काय करताय?" अभय धावला.

"घरी नेतो. ताटावर नाव घालतात, तसं वाटायचं मला. तुमी तर नाव पुसलंत."

तेवढ्यात क्रांतीताई आली. तिने आबांचे ऐकले, मला उघडले आणि अभयकडे बघितले. "एका खोलीतला दिवा नको होता, म्हणून तू मेन स्विच काढलास?"

"सॉरी, ताई. मला वाटलं, ती ओळ कोणी वाचत नसेल."

ताईने डेटाबेस उघडून आबांना नोंद दाखवली. रखमाआजींचे नाव तिथे जसेच्या तसे होते. "ताटावरचं नाव तसंच आहे, आबा. आमच्या चुकीनं ताट पालथं पडलं होतं."

"मंग सरळ कर की, पोरी. मी बसलोय हितंच."

ताईने अभयलाच खुर्चीवर बसवले. त्याने माझी ओळ परत लिहिली. स्वयंसेवकांसाठी माझ्यापासून एक लहान साचा केला. बाकी सगळे तो माझेच घेतो, फक्त ती एक ओळ दाखवत नाही. मोडतोड करण्यापेक्षा हे किती सोपे होते!

आबांनी पान पुन्हा उघडले. बत्तीस नावे सावकाश वाचली. मग पिशवी उपडी करून अभयला म्हणाले, "चल, लाव कपाटात. आनि पहिलं पुस्तक तू वाचायला ने. दंड समज."

मित्रांनो, ज्या वस्तूवर अनेकांचे काम चालते, तिच्यात बदल करण्याआधी त्या सगळ्यांची आठवण ठेवा. दिसत नाही ते नाहीसे झाले, असेही लगेच समजू नका.

त्या दिवशी अभयने माझ्या त्या ओळीच्या वर आणखी एक ओळ लिहिली. संगणक ती वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी असते. मी मात्र ती जिवापाड जपतो. 'ही ओळ काढण्याआधी सिताराम आबांना विचारा.'